नंबरप्लेटला मखमलीचं झाकण

गाडी विकून टाकायची हे शिंप्याच्या मनानं एका रविवारी घेतलं आणि सोमवारी दुकानाचं शटर वर जायच्या आत पक्कंही झालं. घोड्यानं पेंड खाल्ली ती पुढं. विकाऊ गाडीचा फोटो मोबाइलवर टाकायचा, तर नंबरप्लेट झाकायची की उघडी ठेवायची? एवढ्याशा प्रश्नावरून दुकानात अशी जुंपली की शिलाई मशीन चालू आहे की बंद, हे खुद्द मशीनलाही कळेना.

पण आधी गाडी सांगायला हवी, कारण ती काही अशीतशी गाडी नव्हती. शिंप्याचे सासरे मोटार ड्रायव्हिंगची शाळा चालवायचे आणि ही त्या शाळेची एकुलती एक गाडी. गावात जो म्हणून स्टिअरिंगला हात लावतो, तो कधी ना कधी हिच्यात बसून घामाघूम झालेला. सासऱ्यांना सगळा गाव मास्तर म्हणायचा, म्हणून गाडीला म्हणायचा मास्तरीण. शिकवायच्या गाडीत असतो तसा तिच्यात डावीकडे जास्तीचा एक ब्रेक होता. शिकणारा उजवीकडं, मास्तर डावीकडं. शिकणारा भिंतीच्या दिशेनं निघाला की मास्तर आपला ब्रेक दाबायचे आणि भिंत वाचायची. कधीमधी ऐन वेळी मास्तरांना शिंक यायची, मग भिंत वाचायची नाही. अशा एकेका शिंकेचा पोचा मास्तरणीच्या अंगावर होता. आणि मास्तरांना धुळीचं वावडं असल्यामुळं शिंका काही कमी नव्हत्या.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी किल्ली मोठ्या जावयाच्या हातात दिली. "जावईबापू, सांभाळा," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा कोरडा होता, डोळे नव्हते.

शिंप्यानं गाडी सांभाळली. त्याला ती चालवता येते की नाही, हे मात्र त्यालाच माहीत नव्हतं. कारण इंजिनचा आवाज झाला की शेजारच्या गल्लीतून मास्तर हजर व्हायचे आणि डावीकडचं दार उघडून बसायचे. मास्तर निवृत्त झाले होते, त्यांचा उजवा पाय झाला नव्हता. समोरून कुत्रं गेलं, ब्रेक. कुत्रं जाईलसं वाटलं, ब्रेक. कुत्रं मागच्या आठवड्यात इथून गेलं होतं, ब्रेक. घरी खुर्चीत बसून टीव्हीवर पळणारी गाडी पाहिली तरी त्यांचा पाय जमीन दाबायचा. त्या खुर्चीसमोरच्या फरशीला अशी खोलगट वाटी पडली होती की मांजर तिच्यात दूध प्यायचं. त्यांच्या पँटचा उजवा गुडघा डाव्याच्या कितीतरी आधी विरायचा. ती पँट रफूला शिंप्याकडंच यायची आणि शिंपी त्या गुडघ्याला आतून दुहेरी ठिगळ लावायचा.

शिंप्याची बायको मास्तरांचीच मुलगी, गाडी चालवायला पटाईत. पण तिनं मास्तरणीला कधीच हात जोडले होते. "मी आपली स्कूटरवर जाते," ती म्हणायची. "तिथं मागं बसणाऱ्याला ब्रेक नसतो."

त्या रविवारी तिघं नदीवर जायला निघाले. सकाळी निघाले ते दुपारी गल्लीच्या तोंडाशी पोचले. बाबागाडीत तान्हं घालून चाललेली एक बाई त्यांना ओलांडून पुढं गेली, नदीवर जाऊन आली, आणि परतताना काचेतून वाकून म्हणाली, "अगंबाई, अजून इथंच?"

बायको मागच्या सीटवर तोंडात पदर कोंबून हसत होती. शिंपी हसला नाही. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, या गल्लीच्या बाहेर आपण आपल्या हातानं गाडी काढावी, एवढीच त्याची इच्छा होती. पण मास्तरांना तोंडावर कसं सांगायचं, की मामा, तुमचा पाय आवरा? त्या पायाशिवाय मास्तरांकडं उरलं तरी काय होतं?

"सरळ सांगून टाका की बाबांना," बायको रात्री म्हणाली.

"तू सांग. तुझे वडील आहेत."

"गाडी तुमच्या नावावर आहे. तुम्ही सांगा."

असं ते सांगणं दोघांच्या मध्ये फुटबॉलसारखं फिरलं आणि शेवटी कुणाच्याच पायाशी थांबलं नाही. म्हणून शिंप्यानं ठरवलं, गाडी गुपचूप विकायची, दुसरी घ्यायची, आणि मास्तरांना सांगायचं की मास्तरणीचं इंजिन बसलं. मेलेल्या इंजिनावर कोण रागावतं?

तर सोमवारी दुकानात शिंपी, त्याचा साडू आणि शेजारचा सलूनवाला असे तिघं बसले. साडू मोबाइलच्या दुकानात होता आणि जगातल्या सगळ्या गोष्टी मोबाइलमध्येच घडतात अशी त्याची श्रद्धा होती. सलूनवाला कानामागं कंगवा खोचून आला होता. त्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बसून राहिलं होतं.

"नंबर झाकायलाच हवा, साडूभाऊ," साडू म्हणाला. "आजकाल लोक फोटोवरून नंबर उचलतात, तसाच आपल्या चोरीच्या गाडीला लावतात. ते सिग्नल तोडणार आणि दंड तुमच्या दारात येणार."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," सलूनवाला म्हणाला. "रोज गावभर उघड्या तोंडानं फिरते ती गाडी. तेव्हा नाही कुणी नंबर उचलत?"

"रस्त्यावर गाव बघतं. मोबाइलवर जग बघतं."

"जग काय करणार रे या डबड्याचा नंबर घेऊन? लोणचं घालणार? अरे, गिऱ्हाइकाला आधी विश्वास वाटायला हवा. तोंडाला रुमाल बांधून माझ्या दुकानात कुणी शिरला, तर तो दाढी करायला आलाय असं मी समजू का?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"मूठ! इथं सगळं अंग पोचलेलं उघडं टाकायचं आणि फक्त कपाळ झाकायचं, याला मूठ म्हणतात?"

शेजारून अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक ओरडलं, "झाका! झाका, पण माझी उरलेली दाढी करा!"

शिंपी टाचणी दातात धरून ऐकत होता. त्याचं मत कधीच झालं होतं, पण त्याचं कारण यांच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. साडूनंच मागं मास्तरांना एक मोबाइल आणून दिला होता. मास्तर त्या मोबाइलवर दिवसभर एकच गोष्ट बघायचे: विकाऊ गाड्या. आणि मास्तरणीचा नंबर तर त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी पाठ. तेव्हा चोर, दंड आणि जग राहिलं बाजूला. नंबर झाकायचा होता तो फक्त एका माणसापासून.

"झाकायचा," शिंपी म्हणाला.

सलूनवाल्यानं कपाळाला हात लावला. साडू खूश झाला. "आणा मोबाइल. बोटानं असं पुसलं की झालं, सगळं धुरकट."

त्यानं पुसून दाखवलं. नंबराच्या जागी पाटीवर पचकन थुंकल्यासारखा एक डाग आला. शिंप्याच्या अंगावर काटा आला. ज्या माणसानं आयुष्यात वाकडी शिवण कधी गिऱ्हाइकाला दिली नाही, त्याच्या गाडीच्या तोंडावर हा असला डाग?

"झाकायचं तर नीट झाकू," तो म्हणाला, आणि मोजपट्टी गळ्यात टाकून बाहेर गेला.

नाटकमंडळीच्या पडद्याची लालभडक मखमल त्याच्याकडं उरली होती. त्यानं नंबरप्लेटचं माप घेतलं, माणसाचं घेतात तसं, वरून, खालून, कमरेत. मखमलीला आतून अस्तर लावलं. कडेनं सोनेरी गोट फिरवला. चारी कोपऱ्यांना काजं केली, आणि काजं करायला बसला की शिंप्याला जगाचं भान राहायचं नाही. त्याची काजं अशी की बटण आपणहून आत जाऊन बसावं. मागच्या पाटीचं झाकण पुढच्याहून किंचित सैल ठेवलं. का, तर मागच्या बाजूला बसताना ताण पडतो. सवय हो, दुसरं काय!

दोन्ही झाकणं लागली तेव्हा मास्तरीण नाटकातल्या राणीसारखी दिसायला लागली.

"नाकापेक्षा मोती जड," सलूनवाला म्हणाला. "गाडी विकतोयस की झाकण?"

"तुझा फोन नंबर देतोय जाहिरातीत," शिंपी म्हणाला.

"माझा का?"

"माझा आणि याचा मास्तरांना पाठ आहे. तुझी आणि त्यांची ओळखच नाही."

हे मात्र खरं होतं. मास्तरांच्या डोक्यावरचे केस तरुणपणीच गेले होते आणि दाढी ते घरीच करायचे. त्यामुळं गावात एकच माणूस त्यांना अनोळखी राहिला होता, तो म्हणजे सलूनवाला.

साडूनं नवा फोटो काढला. मग त्यात काहीतरी फिरवाफिरव करून उन्हानं विटलेल्या पिवळ्या गाडीला लोण्यासारखी गोरी केली आणि जाहिरात जगाच्या हवाली केली.

जगानं फार वाट पाहायला लावली नाही. सलूनवाला एकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून उभा असताना पहिला फोन आला.

"ती गाडी शिंप्याची ना?"

"कशावरून म्हणता?" सलूनवाला सावध झाला.

"काजं बघा की! असं काज दुसरं कोण करतं? माझ्या लग्नाच्या कोटाला आहे."

दुसरा फोन बेकरीवालीचा. "उजव्या दाराखालचा पोचा माझा आहे. पाण्याच्या टाकीचा. मास्तरीण विकताय होय? अरेरे! मी बघायला येते."

तिसरा, अग्निशमन दलाच्या ड्रायव्हरचा. "मागचा मोठा माझा. त्या दिवशी मास्तरांना लागोपाठ दोन शिंका आल्या होत्या. मी येतोच." आणि तो खरंच आला, तोही घंटा वाजवत. त्यामुळं कुठंतरी आग लागली असं समजून जे त्याच्या मागं धावले, तेही येऊन पोचले.

दुपारपर्यंत शिंप्याच्या दुकानासमोर जत्रा. जो तो आपापला पोचा शोधून त्याच्यावरून हात फिरवतोय. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी आपला पोचा रुमालानं पुसून चकचकीत केला. एक नवरा-बायको डाव्या मडगार्डच्या पोच्यावरून भांडत आले. "तुझा!" "तुमचा!" मग त्यांना आठवलं, तो दोघांचा होता. त्याच दिवशी तर एकाला शिकवणी संपवायची होती आणि दुसऱ्याला सुरू करायची होती, आणि स्टिअरिंगला एकाच वेळी दोघांचे हात लागले होते. लग्न त्यानंतर झालं. ते भांडण विसरून मडगार्डला टेकून उभे राहिले.

"घेता का मग विकत?" सलूनवाल्यानं दवंडीच पिटली.

"छे छे! मास्तरीण कुणी विकत घेतं का?"

"आणि ती दोन ब्रेकांची," नवरा हळूच म्हणाला. "माझ्या शेजारी ही बसते. हिच्या पायाखाली ब्रेक देऊ? मग मला गाडी कशाला, खुर्ची पुरेल."

जाताना प्रत्येकाला शिंप्यानं बजावलं, "मास्तरांना सांगू नका." प्रत्येकानं गळ्याची शपथ घेतली आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं, "मास्तरांना सांगू नका." अशा रीतीनं संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं आणि फक्त मास्तरांना ठाऊक नव्हतं.

गर्दी पांगल्यावर शिंपी गाडीभोवती एक चक्कर मारून आला. सगळ्या गावाचा पोचा होता, त्याचा नव्हता. त्याला कधी भिंतीपर्यंत जाऊच कुठं दिलं होतं? का कोण जाणे, त्याला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनचा आवाज नको म्हणून त्यानं गॅरेजवाल्याबरोबर गाडी ढकलत नेली आणि त्याच्या शेडमध्ये लपवली, आणि दुकानात येऊन बसतो तोच दारात मास्तर. काखेत उजव्या गुडघ्याला विरलेली पँट, हातात मोबाइल.

"जावईबापू, ही गाडी बघा."

शिंप्यानं बघितलं. मोबाइलमधून मास्तरीण लाल मखमलीआडून त्याच्याकडं बघत होती. त्याच्या दातातली टाचणी गिळता गिळता राहिली.

"आपल्या मास्तरणीच्याच जातीची आहे," मास्तर म्हणाले, "पण काय गोरीपान! आणि मालक बघा कसा शहाणा. नंबर झाकलाय. हल्ली असं झाकावंच माणसानं. आणि झाकण कसं शिवलंय बघा. तुम्ही राग मानू नका, पण काजं बघून ठेवा. शिकण्यासारखी आहेत."

"हो मामा," शिंपी म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, ज्या माणसानं उभा जन्म त्या गाडीत काढला त्याला ती ओळखू येऊ नये? पण त्यातच तर गोम होती. मास्तरांनी गाडी नेहमी आतून पाहिली होती. घरातून निघायचे ते डावं दार उघडून आत. नजर शिकणाऱ्याच्या पायांवर. पोचा पडला की शिकणारा खाली उतरून बघायचा, मास्तर जागच्या जागी नाक पुसत बसायचे. बाहेरून त्यांना मास्तरणीचं फक्त एकच अंग माहीत होतं, तिचा नंबर. आणि तो मखमलीखाली होता. साऱ्या गावाला ज्या झाकणानं गाडीची ओळख पटवून दिली, ते झाकण त्या एकाच माणसावर लागू पडलं होतं.

"मला ही बघायचीच आहे," मास्तर म्हणाले. "कुणासाठी ते विचारू नका. मालकाशी बोलणं झालंय. गिरणीमागच्या मैदानावर आणतोय. तुम्ही चला माझ्याबरोबर. कापड पारखता, गाडीही पारखाल."

"पारखेन मामा."

"आपल्या गाडीतून जाऊ."

"ती गॅरेजमध्ये दिलीय."

"बरं झालं," मास्तर म्हणाले, आणि का बरं झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

पलीकडच्या सलूनमध्ये काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. मास्तरांचा फोन घेऊन मैदानाचा वायदा करून बसलेला सलूनवाला भिंतीला कान लावायला स्टुलावर चढला होता.

मैदानावर दोघं चालत पोचले. मधोमध गॅरेजवाल्यानं आणून सोडलेली मास्तरीण उभी होती आणि तिला टेकून सलूनवाला, काळा चष्मा लावून. फुटबॉलच्या गोलखांबापलीकडं गिरणीची पडकी भिंत होती, आणि तिच्या मागं सगळा गाव दबा धरून बसला होता. अग्निशमनवाल्याला शिडीमुळं चांगली जागा मिळाली होती. साडू एका रिकाम्या पिंपात होता. शिंप्याची बायको मात्र लपलीबिपली नव्हती. स्कूटर उभी करून तिच्यावर आरामात बसली होती, तिकीट काढून आल्यासारखी.

"ही तर पिवळी आहे," मास्तर म्हणाले.

"फोटोत सगळेच गोरे येतात, साहेब," सलूनवाला म्हणाला. "एका हातात वापरलेली आहे. पायांचं विचारू नका."

मास्तर गाडीभोवती फिरायला लागले. जन्मात पहिल्यांदा. एका पोच्याशी थांबले, दुसऱ्याशी वाकले, तिसऱ्याशी त्यांनी मान हलवली. "अरेरे! कुणा गाढवांनी चालवलीय ही?"

भिंतीमागं सगळ्या गावानं माना खाली घातल्या.

"आणि शिकवणारा कोण होता यांचा? झोपला होता काय?"

"झोपला नव्हता," सलूनवाला म्हणाला. "शिंका यायच्या म्हणतात."

"शिंकेला काय होतं! मलाही येतात," मास्तर म्हणाले. "चला, चालवून बघू. जावईबापू, तुम्ही बसा स्टिअरिंगला."

शिंपी बसला. मास्तर सवयीनं वळसा घालून डावीकडं आले, दार उघडलं, बसले, आणि त्यांचा उजवा पाय आपला आपण खाली गेला.

तिथं ब्रेक होता. नुसता ब्रेक नव्हता. त्याच्या रबराला त्यांच्याच टाचेचा, त्यांच्याच अंगठ्याचा खळगा पडलेला होता. डोळ्यांना जे मखमलीपायी कळलं नव्हतं, ते तळपायाला कळलं.

मास्तरांनी पाय उचलला आणि पुन्हा त्याच खळग्यात ठेवून बघितला. भिंतीमागं सगळ्या माना वर आल्या.

"जावईबापू."

"मामा."

"ही विकताय?"

"हो."

"का?"

शिंप्यानं इंजिनाची गोष्ट आठवून बघितली. ती ओठापर्यंत आली आणि मागं फिरली. "मामा," तो म्हणाला, "मला एकदा गाडी चालवायची होती."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी एका ब्रेकची गाडी शोधत होतो," ते म्हणाले. "तुमच्यासाठी. आणि माझ्यासाठीही म्हणा. गुडघा ठणकतो हो. पण समोर ब्रेक दिसला की पाय ऐकत नाही. वाटलं, ब्रेकच नसला तर बसेल गप्प." मग एकदम ओरडले, जसे शिकवणीला ओरडायचे तसे, "मग बघत काय बसलाय? काढा गाडी!"

"आणि तुमचा पाय?"

"हा बघा बंदोबस्त केला." असं म्हणून मास्तरांनी दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले.

शिंप्यानं गाडी काढली. मास्तरीण निघाली, आणि निघाली ती थांबली नाही. कुत्र्याच्या आठवणीनं थांबली नाही, की दगडाला बघून थांबली नाही. वारा आत आला. शिंप्याच्या गळ्यातली मोजपट्टी खिडकीबाहेर झेंड्यासारखी फडफडायला लागली. त्यानं मैदानाला एक फेरी मारली, मग दुसरी, मग त्याला हसू आलं, आणि हसता हसता तिसऱ्या फेरीला त्याच्या लक्षात आलं की थांबायचं कसं हे त्याला ठाऊकच नाही. आजवर ते खातं मास्तरांकडं होतं.

"मामा, ब्रेक!"

"मी मांडी घातलीय!"

"सोडा ना मग!"

"अडकलीय! गुडघा अडकलाय!"

"मग मी काय करू?"

"तुमच्याकडंही एक आहे की!"

"कुठं?"

"पायाखाली! मधला! अहो मधला, तो नव्हे!"

तो नव्हता, हे गाडीच्या वेगावरून सगळ्या गावाला कळलं. भिंत ओस पडली. साडूचं पिंप घाबरून आपणहून घरंगळत निघालं, आत साडू ओरडतोय, "मी सांगितलं होतं झाका म्हणून!" सलूनवाला जीव घेऊन धावला आणि गोलखांबावर चढून आडव्या दांडीला लोंबकळला. "झाकण्याचा काय संबंध?" तो वरून ओरडला. त्याही अवस्थेत वाद त्यानं सोडला नाही. पुढचं मखमली झाकण एका काजावर फडफडत होतं आणि त्याखालून नंबर उघडा-झाकला, उघडा-झाकला होत होता. स्कूटरवर बसून शिंप्याची बायको टाळ्या वाजवत होती. "मधला, अहो! मधला!"

मास्तर आता हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते, मांडी घातलेल्या मांडीवर थापा मारत होते, आणि हसता हसता मैदानाची धूळ त्यांच्या नाकात गेली.

"आ... आ..."

"मामा, आता नको!"

"...क्छी!"

शिंप्याच्या पायाला मधला सापडला. त्यानं दाबला. इतकी वर्षं कुणी त्या ब्रेकला काही काम दिलं नव्हतं, तो अगदी कोरा करकरीत होता, आणि त्यानं जीव तोडून काम केलं. मास्तरीण किंचाळली, घसरली, आणि गोलखांबाला टक्क करून टेकली. वरून पिकल्या फळासारखा सलूनवाला टपावर पडला आणि तिथंच बसून राहिला.

मास्तरांनी दोन्ही हातांनी आपला गुडघा उचलून मांडी सोडवली. खाली उतरले, लंगडत पुढं आले, वाकले. बंपरच्या जरा वर लिंबाएवढा पोचा होता, ताजा, कोवळा. मास्तरांनी त्याच्यावरून बोट फिरवलं.

"पहिला?"

"पहिला," शिंपी म्हणाला.

"पास!" मास्तर म्हणाले.

पळालेला गाव परत फिरला आणि असा जल्लोष झाला की गिरणीवरची कबुतरं उडाली ती दोन दिवस परत आली नाहीत.

गाडी विकायचं पुन्हा कुणी काढलं नाही. गॅरेजवाल्याकडं मास्तर स्वतः गेले. "माझ्या ब्रेकची खालची दांडी काढून टाका," म्हणाले, "पण पेडल राहू द्या. पायाला कुठंतरी जायला जागा हवी." मग शिंप्यानं दोन्ही मखमली झाकणं काढली, त्यातलं एक उसवलं, नव्या मापानं कापलं, आत कापूस भरला आणि त्या पेडलवर चढवलं, काजाबटणासकट. नंबर उघडा झाला. झाकायला हवा होता की नव्हता, यावर साडू आणि सलूनवाला अजून भांडतात. झाकला म्हणून सगळं नीट झालं असं एक म्हणतो, झाकला म्हणून टपावर पडून कंबर लचकली असं दुसरा म्हणतो, आणि दोघांकडं पुरावा आहे.

पुढच्या रविवारी तिघं नदीवर निघाले. गल्ली संपली, बाजार संपला. मास्तरांचा पाय मखमलीवर होता आणि ते वाटेत दिसेल त्याला दाबत होते. गाडी आपली पळत होती.

"बाबा, गुडघा दुखेल," मागून मुलगी म्हणाली.

"नाही दुखत. मऊ आहे."

एवढ्यात पुलाच्या अलीकडं खरोखरीचं कुत्रं आडवं आलं. दोन पाय एकदम खाली गेले, एक मधल्यावर, एक मखमलीवर. गाडी जागच्या जागी थांबली. कुत्र्यानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि ते निघून गेलं.

मास्तरांनी जावयाकडं वळून बघितलं. "बघितलंत? वेळेवर दाबला म्हणून वाचलं बिचारं."

"हो मामा," शिंपी म्हणाला, आणि त्यानं गिअर टाकला.